चारशेएक रुपयांचा व्हॅलेंटाईन



फेब्रुवारी लागला की आमच्या जयसिंगपुरात दोन गोष्टी दिसायला लागतात. एक म्हणजे तासगावकडून येणारी द्राक्षं. आणि दुसरी म्हणजे गिफ्टच्या दुकानांबाहेर टांगलेले लाल बदामाचे फुगे. द्राक्षांबद्दल घरात कुणाचं दुमत नसतं. फुग्यांबद्दल मात्र दरवर्षी वाद होतो.

परवा मंदिरात स्वाध्याय संपल्यावर आम्ही बायका पायरीवर बसलो होतो. कुणीतरी सहज विचारलं, "काय गं, यंदा चौदा तारखेला काय?" झालं. आमच्या मंडळातल्या थोरल्या अक्का लगेच म्हणाल्या, "कसला मेला व्हॅलेंटाईन! आपल्यात नाही ते." दोघी-तिघींनी माना डोलावल्या. तरण्या पोरी गप्प बसल्या. गप्प बसल्या म्हणजे त्यांना पटलं असं नाही, हे अक्कांनाही कळत होतं आणि मलाही.

परत येताना नात्यातली एक सून माझ्याबरोबर चालत होती. नाव लिहीत नाही. तिला विचारूनच ही हकीकत लिहिते आहे. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "काकी, एक सांगू का? कुणाला सांगितलं नाही अजून."

गेल्या वर्षी चौदा तारखेला तिच्या नवऱ्यानं तिला मोबाईल आणला. १८ हजारांचा. तिला काही कल्पना नव्हती. ती हरखून गेली. फोटो काढला, स्टेटसला ठेवला, जावेनं पाहिला, नणंदेनं पाहिला. चार दिवस ती हवेत होती. मग जून आला. मुलाला पहिलीत घालायचं होतं. फी भरायला बँकेत पाहिलं तर पैसे नाहीत. तेव्हा नवऱ्यानं सांगितलं की मोबाईल हप्त्यावर घेतलाय. १२ हप्ते, महिन्याला १,६५०. म्हणजे १८ हजारांच्या वस्तूचे १९,८०० झाले. पगार २२ हजार. त्यातून घरभाडं, गॅस, दूध, सासूबाईंची औषधं. फीसाठी शेवटी तिनं भिशीचा नंबर आधी मागून घेतला. दिवाळीसाठी ठेवलेला होता तो.

"काकी, म्हणजे माझी भेट मीच विकत घेतली," ती म्हणाली. "आणि वाईट त्याचं नाही वाटलं. चार महिने हे रोज रात्री शेजारी बसून जेवत होते आणि मला बोलले नाहीत, त्याचं वाटलं."

मी विचारलं, "त्यानं असं का केलं असेल?"

थोडा वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "त्याच्या आदल्या वर्षी मी तीन दिवस फुगून बसले होते. मैत्रिणीच्या स्टेटसला हॉटेलातला फोटो होता. माझ्या नवऱ्यानं साधं फूलही आणलं नव्हतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. वाटलं, अक्कांचं "आपल्यात नाही" आणि बाजाराचं "आणलं नाही तर प्रेमच नाही" या दोन्हींच्या मध्ये आपल्या या मुली भरडल्या जातायत. म्हणून आज यावर मला काय वाटतं ते सरळ लिहिते. पटलं तर घ्या.

आधी "आपल्यात नाही" याबद्दल. खरंच नाही. हा एका ख्रिस्ती संताच्या नावाचा दिवस. रोमन काळात त्याला मारलं गेलं असं सांगतात. प्रेमाशी त्याचा संबंध पुष्कळ उशिरा, चौदाव्या शतकातल्या चॉसर नावाच्या इंग्रज कवीच्या काळापासून जोडला गेला. गंमत म्हणजे त्या संताबद्दल खात्रीची माहिती फारच थोडी, म्हणून १९६९ साली खुद्द कॅथलिक चर्चनंच जगभरासाठीच्या आपल्या सणांच्या यादीतून हा दिवस काढून टाकला. आपल्याकडे तो आला तो मुख्यतः १९९१ नंतर, टीव्ही आणि भेटकार्डांच्या दुकानांबरोबर. म्हणजे आज हा दिवस कुणाच्या धर्माचा फारसा उरलेलाच नाही. तो दुकानदारांचा आहे. त्यामुळे तो पाळला तर आपला धर्म बुडेल असं मला वाटत नाही. बुडाला तर खिसा बुडेल. आणि तो बुडू द्यायचा की नाही हे आपल्या हातात आहे.

अक्कांचं दुसरं म्हणणं असं की आपल्याकडे नवरा-बायकोचा दिवस आहेच की, दिवाळीचा पाडवा. खरं आहे. पाडवा मलाही प्रिय आहे. अमावास्येच्या पहाटे भगवान महावीरांच्या निर्वाणाचा लाडू चढवायचा, दुसऱ्या दिवशी नवं वीर निर्वाण संवत, आणि आपल्या मराठी घरांच्या रीतीप्रमाणे नवऱ्याला ओवाळायचं, ओवाळणी घ्यायची. पण मैत्रिणींनो, पाडव्याला तुम्ही दोघं किती वेळ एकत्र असता? पहाटे चारला उठून बाई स्वयंपाकघरात. घरात पंधरा माणसं. ओवाळायला दोन मिनिटं, तीही सगळ्यांसमोर, दीर चेष्टा करत असताना. पाडवा हा घराचा सण आहे. त्यात नवरा-बायको असतात, पण दोघांचा म्हणून तो नसतो.

हे मला कळलं ते एका फोटोमुळे. आमच्या लग्नाला २५ वर्षं झाली तेव्हा मुलीनं विचारलं, "आई, तुमच्या दोघांचाच एक फोटो दे, मोठा करून घेते." मी कपाट उपसलं. बारशांचे फोटो निघाले, पंचकल्याणकाचे निघाले, दिरांच्या लग्नातले निघाले. सगळ्यांत आम्ही होतो, पण मध्ये कुणीतरी होतंच. सासूबाई, पुतण्या, नाहीतर मांडीवरची मुलगी. लग्नातला एक सोडला तर २५ वर्षांत आम्हा दोघांचाच असा एकही फोटो नव्हता. हे म्हणाले, "अगं, पैसे कुठं होते तेव्हा?" पैसे नव्हते हे खरं. ह्यांची इचलकरंजीला सुताच्या व्यापाऱ्याकडे नोकरी, माझ्या हातात शिलाई. पण फोटोला लागणारे पैसे नव्हते असं काही नाही. दोघांनी मिळून घराबाहेर पडायची सवयच नव्हती. लाज वाटायची. आणि ती लाज आम्ही काटकसर म्हणून खपवत होतो.

तेव्हापासून माझं मत बदललं. वर्षातून एक दिवस दोघांचा असायला हवा. मग त्याला व्हॅलेंटाईन म्हणा, लग्नाचा वाढदिवस म्हणा, नाहीतर काहीच म्हणू नका. बाजारानं आयती आठवण करून दिली आहे तर आठवण घ्यावी, माल घेऊ नये.

आता खर्चाचं. आपल्याला यात कुणा तज्ज्ञाकडे जायची गरज नाही. लहानपणापासून पाठशाळेत शिकलेलं थोडं आठवलं तरी पुरतं. श्रावकाच्या व्रतांत भोगोपभोग-परिमाण आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोग आणि उपभोग यांतला फरक सांगितला आहे. एकदा वापरून जे संपतं तो भोग, जसं जेवण. जे पुन्हा पुन्हा वापरता येतं तो उपभोग, जसे कपडे. दोन्हींना मर्यादा घालायची. आता चौदा तारखेच्या खरेदीला हा हिशेब लावून बघा. गुलाबाचा गुच्छ, केक, हॉटेलचं जेवण, फुगे, सगळा भोग. संध्याकाळी आणला, सकाळी केराच्या टोपलीत. आणि नेमका त्याच दिवशी तो सगळ्यात महाग. आमच्या शिरोळ तालुक्यात हरितगृहांतून गुलाब पिकतो, तिकडे मावळात तर परदेशी पाठवण्यासाठी पिकतो. तरी त्या आठवड्यात एका फुलाला जो भाव सांगतात तो ऐकून हात मागे येतो. पंधरा तारखेला तेच फूल पुन्हा गरीब होतं.

दुसरी चाळणी अहिंसेची. ही लावली की निम्मा खर्च आपोआप गळतो. रेशमी साडी नको, कारण ती किड्यांना उकळून होते. चामड्याची पर्स नको. अंड्याचा केक नको. चॉकलेटच्या डब्यावर हिरवा ठिपका आहे का ते आधी बघायचं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ते कँडललाईट डिनर. आमच्याकडे फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. हॉटेलातली मेणबत्ती पेटते आठ वाजता. ज्या दिव्यावर किडे येऊन पडतात म्हणून आपल्या वाडवडिलांनी रात्री जेवण सोडलं, तोच दिवा ताटाशेजारी ठेवून जेवायला दोन हजार रुपये द्यायचे, हे मला तरी जमत नाही. शिवाय "जैन जेवण मिळेल" अशी पाटी असली तरी तवा तोच आणि तेल तेच. ज्यांचा रात्रिभोजनाचा त्याग नाही त्यांना मी नावं ठेवत नाही. एवढंच म्हणते की ज्यांचा आहे त्यांनी त्या दिवशी आपण मागासलेले आहोत असं वाटून घेऊ नये. तुमचा दिवस दुपारीही साजरा होतो.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. खर्चाचा आकडा दोघांना माहीत हवा. भेट काय आहे ते गुपित असू दे, ती मजा आहे. पण कितीची आहे, हे गुपित नको. आमच्यात आधी आकडा ठरतो, मग बाकी सगळं. नवऱ्यानं उधारीवर आणलेली भेट ही भेट नव्हे. कारण त्याच्या कर्जात बायको अर्धी भागीदार असते, तिला विचारलं नाही तरी. सत्य हे अणुव्रत आपण दुकानाच्या वजनकाट्यापुरतं ठेवलं आहे. ते घरातही लागू होतं. त्या सुनेला १८ हजार गेल्याचं दुःख नव्हतं, हे विसरू नका. तिला न सांगता गेले, याचं होतं.

पण थांबा. एवढं वाचून कुणी पुरुष मागून डोकावत असेल आणि खूश होत असेल, "बघ, मी म्हणत होतो ना, खर्च नको," तर त्यांच्यासाठीही दोन शब्द आहेत. अपरिग्रह म्हणजे बायकोचं मन मारणं नव्हे. व्रत हे स्वतःसाठी घ्यायचं असतं, दुसऱ्यावर घालायचं नसतं. माझ्या बघण्यात अशी घरं आहेत की जिथं बायकोनं गजरा मागितला की अपरिग्रह आठवतो आणि मित्रांबरोबर गोव्याला जाताना आठवत नाही. गाडीला नवं सीटकव्हर येतं, तिच्या चपलेला मात्र तिसऱ्यांदा टाके पडतात. काटकसर दोघांची असेल तर ती काटकसर. एकाचीच असेल तर तिला वेगळं नाव आहे. हाच समाज लग्नाआधीच्या फोटोंवर ५० हजार घालतो. लग्न झाल्यावर दहा वर्षांत त्याच दोघांसाठी ५०० रुपये निघत नाहीत, हे मला उलटं वाटतं. प्रेम दाखवायची गरज लग्नाआधी कमी आणि नंतर जास्त असते, हे आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही?

आणि बायकांनो, आपणही थोडं आपल्याकडे बघू या. आपण मागत नाही, आणि मग दिलं नाही म्हणून रुसतो. "मला काही नको" असं म्हणायचं आणि त्यानं ओळखावं अशी वाट बघायची. बिचाऱ्याला काय कळणार? ती सून तीन दिवस फुगून बसली, पण "मला तुमच्याबरोबर एक दुपार हवी आहे" असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर कदाचित मोबाईल आलाच नसता. दुसऱ्याच्या स्टेटसवरचा फोटो हा दुसऱ्याच्या घरचा हिशेब आहे. त्याची खाली किती बाकी आहे ते फोटोत दिसत नाही.

आता आमचा गेल्या वर्षीचा हिशेब देते. लपवण्यासारखं काही नाही.

तारखेचा हट्ट धरला नाही. ह्यांना सुट्टी रविवारी, म्हणून नंतरचा रविवार धरला. सकाळी लवकर आवरलं, घरच्यांचं जेवण करून ठेवलं आणि सांगितलं, "आम्ही दोघं बाहेर जाऊन येतो." एवढं एक वाक्य बोलायला मला वयाची पन्नाशी गाठावी लागली. सासूबाई फक्त म्हणाल्या, "दुपारचं ऊन आहे, टोपी घेऊन जा म्हणावं त्याला."

एसटीनं कुंभोजच्या बाहुबलीला गेलो. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ते किती जणींनी स्वतःच्या आनंदासाठी वापरलं? बहुतेक वेळा आपण ते दवाखान्यासाठी आणि मयतीसाठीच वापरतो. दोघांचं जाऊन-येऊन तिकीट ९० रुपये. दर्शन घेतलं. पायऱ्या हळूहळू चढलो, कारण माझा गुडघा. ह्यांनी हात दिला. तीर्थावर प्रेमाचा दिवस कसला, असं कुणी म्हणेल. पण आम्ही तिथे गेलो ते दर्शनालाच. हात धरून चढलो, इतकंच. वर उभ्या असलेल्या त्या २८ फुटी मूर्तीसमोर सगळ्यांचीच मान वर जाते. श्रीमंताचीही आणि आमचीही.

डब्यात घरून खपली गव्हाची खीर, पुऱ्या आणि कच्च्या केळ्याची भाजी नेली होती. ते सामान घरातलंच, म्हणून हिशेबात धरलं नाही. वाटेत अर्धा किलो द्राक्षं घेतली, ५० रुपये. येताना बिनबर्फाचा उसाचा रस दोन ग्लास, ४० रुपये. स्टँडवर उतरल्यावर बिनलसणाची भडंग, ४० रुपये. जयसिंगपुरात राहून भडंग न खाता दिवस साजरा झाला असं कोण म्हणेल? मग रोपवाटिकेतून गुलाबाची एक कुंडी, ८० रुपये. तोडलेल्या फुलाऐवजी रोप. भोगाचा उपभोग झाला म्हणा ना! ते रोप अजून आहे. मधे पांढरी बुरशी पडली होती, ह्यांनी ताक शिंपडून वाचवलं. आणि मंदिरात दानपेटीत १०१. आपल्या आनंदाच्या दिवशी चार दानांपैकी काहीतरी घडावं, अशी माझ्या आईची शिकवण.

बेरीज करा. ९० आणि ५०, एकशेचाळीस. रस आणि भडंगीचे ८०, दोनशेवीस. कुंडी धरून तीनशे. दान धरून चारशेएक. संध्याकाळी सहाच्या आत घरी पोचलो आणि सूर्य मावळायच्या आत सगळ्यांबरोबर जेवलो. एका तरुण मुलानं पायऱ्यांवर आमचा दोघांचा फोटो काढून दिला. त्याचे पैसे त्यानं घेतले नाहीत. ह्यांचे डोळे मिटलेले आलेत. तरी तोच मोठा करून भिंतीवर लावला आहे.

प्रत्येकीला बाहेर जाणं जमणार नाही. घरात अंथरुणावरचं माणूस असतं, तान्हं मूल असतं. तर मग घरातच करा. दुपारी चार वाजता दोघांनी गच्चीत बसून हिरव्या हरभऱ्याचे डहाळे सोला. मोबाईल खाली ठेवा. एका कागदावर गेल्या वर्षात एकमेकांमुळे काय सोपं झालं ते लिहा. माझ्या एका मैत्रिणीच्या नवऱ्यानं लिहिलं, "तू माझ्या आईशी भांडत नाहीस." तिला वाटलं होतं ते त्याच्या कधी लक्षातच आलं नाही. तो कागद तिनं दागिन्यांच्या डबीत ठेवला आहे.

आजकाल मुलं आठवडाभर साजरं करतात. सात तारखेपासून रोज डे, चॉकलेट डे, टेडी डे. त्यात अकरा तारखेला प्रॉमिस डे असतो. सगळ्या आठवड्यात हाच एक फुकटचा, आणि दुकानात त्याचीच सगळ्यात कमी गडबड! मला मात्र तोच आपला वाटतो. आपण त्याला नियम म्हणतो. मुनिमहाराजांसमोर आपण चार महिन्यांसाठी हिरवी भाजी सोडतो, तसा एखादा छोटा नियम नवरा-बायकोनी एकमेकांसाठी घ्यायला काय हरकत आहे? महिनाभर रात्री जेवताना टीव्ही बंद. आठवड्यातून एक सकाळ चहा त्यानं करायचा. माहेराला टोमणा नाही, सासरला टोमणा नाही. घेऊन बघा. महागातल्या महाग भेटीपेक्षा पाळायला अवघड आहे. गृहस्थाच्या ब्रह्मचर्य अणुव्रतालाच आपल्याकडे स्वदारसंतोष म्हणतात, म्हणजे आपल्या जोडीदारात संतुष्ट असणं. हा शब्द मला आता फार गोड वाटतो. त्यात "आणखी हवं" नाही.

हे सगळं मी अक्कांना वाचून दाखवलं, छापायच्या आधी. वाटलं, रागावतील. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचे हे होते ना, पहाटे मोटारीला लाईट आली की शेतावर जायचे. जायच्या आधी दोन घागरी पाणी गाळून ठेवायचे. मला सकाळी उठल्यावर वाकायला लागू नये म्हणून. माझी कंबर धरायची. जिवाणीसुद्धा स्वतः विहिरीत नेऊन सोडायचे. चाळीस वर्षं. लोक हसायचे, गड्यामाणसानं पाणी गाळायचं म्हणून." थोडं थांबून म्हणाल्या, "मी कधी त्यांना चांगलं केलंत असं म्हटलं नाही. ते म्हणायचा दिवस नव्हता आमच्यात."

मी काही बोलले नाही. अक्कांनीच पुढं म्हटलं, "त्या पोरीला सांग, हप्ते किती राहिलेत ते नवऱ्याबरोबर बसून लिहून काढ. आणि चौदा तारखेला त्याला खीर करून घाल. रुसू नको म्हणावं."

मी निरोप पोचवला. दोन हप्ते राहिलेत. दोघांनी मिळून फेडायचे ठरवलेत, आणि यंदाचा आकडा आधीच ठरला आहे, २०० रुपये. सून म्हणाली, "काकी, ते म्हणाले, मला हलकं वाटतंय."

मैत्रिणींनो, तुमच्या घरचा आकडा काय ते तुम्ही दोघं बसून ठरवा. दोनशे असो की दोन हजार. फक्त तो दोघांना ठाऊक असू दे, आणि दुपार दोघांची असू दे.

जय जिनेंद्र.